चीज सॉसची फोडणी

आमच्या घरात त्या पदार्थाला नावच नव्हतं. आज माझी मुलं त्याला लोडेड फ्राइज म्हणतात आणि फोनवर बोट टेकवलं की तो अर्ध्या तासात दारात येतो. नव्वदीच्या सुरुवातीला मल्लेश्वरममधल्या आमच्या घरात तो नुसता 'ते' होता. "या शनिवारी 'ते' करू या काय?" असं आत्या विचारायची आणि मी जगावर उपकार करत असल्यासारखी "बघू" म्हणायची. बटाट्याचे तळलेले लांब तुकडे, त्यांच्यावर पातळ पिवळं चीज, आणि वर आणखी काय काय. सांगायला एवढंच. पण त्यापायी मी माझ्या आत्याशी सात वर्षं खोटं बोलले, आणि ती आज असती तर पुन्हा बोलले असते.

तिला आम्ही अत्ते म्हणायचो. आमचं घराणं या मुलखात किती पिढ्यांपूर्वी आलं ते कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी टिकली, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलं की पुण्याचा पाहुणा आला की दहा मिनिटांत हमखास विचारायचा, "तुम्ही मूळचे कुठले?" आम्ही म्हणायचो, "इथलेच." वडिलांना अण्णा, त्यांच्या मोठ्या बहिणीला अत्ते, आणि मला पुट्टी, म्हणजे चिमुरडी. पंधरा वर्षांची घोडी झाले तरी पुट्टीच.

अत्ते बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली होती. माहेर म्हणजे तीन भावांची तीन घरं: बेंगळुरातलं आमचं, एक म्हैसूरला, एक धारवाडला. कुणाचं बाळंतपण, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची दहावी, असं काही निघालं की तिची हिरवी पत्र्याची ट्रंक त्या घरी जायची. काम संपलं की ट्रंक पुढच्या घरी. ती अमक्याकडे राहते असं कुणी म्हणत नसे. "अक्काला बोलावून घेऊ या," असंच म्हणत. आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा ती आमच्याकडे आली, आणि आई पुन्हा ऑफिसला जायला लागली तरी, कशी कोण जाणे, दोन वर्षं राहिली. ती दोन वर्षं माझ्या वाट्याला आली.

स्वयंपाकात तिचा हात धरणारं आमच्या नात्यात कुणी नव्हतं, आणि हे तिलाही चांगलं ठाऊक होतं. तिची ख्याती वेगळीच होती. ती पदार्थ ऐकून करायची. कुणी लग्नाहून आलं की तिला फक्त सांगायचं: अमुक गोड होतं, वरून खुसखुशीत, आत ओलसर, वेलदोडा नव्हता पण कसलासा वास होता. ती डोळे बारीक करून दोन प्रश्न विचारायची आणि चार दिवसांनी तो पदार्थ ताटात असायचा. आणि खाणारा म्हणायचा, "हेच ते!" एवढे दोन शब्द ऐकले की अत्तेचा चेहरा असा व्हायचा की काय सांगू. तिला कुणी साडी आणली तरी ती एवढी खुलत नसे.

आणि हे सगळं न चाखता. ती मडी पाळायची, म्हणजे सोवळं. देवाला दाखवायच्या आधी जिभेला लावायचं नाही ही सवय तिच्या हाडात गेली होती, मग पदार्थ नैवेद्याचा असो नाहीतर माझ्या डब्यातलं उप्पीट असो. वासावर मीठ कळतं म्हणायची, आणि तिला खरंच कळायचं. "चाखून स्वयंपाक करणारी बाई म्हणजे पोथीत बघून मंत्र म्हणणारा भटजी," असं ती आईसमोर बोलून जायची. आई चाखून करायची. आणि मग भांडी जरा मोठ्याने ठेवायची.

आता माझं खोटं. वर्गात एक श्रीमंत मुलगी होती, तिचा वाढदिवस ब्रिगेड रोडवरच्या एका नव्या हॉटेलात होणार होता. काचेचं दार, आत थंडगार, टेबलांवर बाटल्यांतलं लाल सॉस. मी घरी येऊन सांगून टाकलं की मला बोलावलंय. मला वाटलं होतं, बोलावणारच. तिच्या मागच्याच बाकावर बसायचे, तिचं गणित माझ्या वहीतून पूर्ण व्हायचं. अत्तेने ऐकल्याबरोबर क्रोशाची सुई काढली आणि त्या मुलीसाठी निळ्या दोऱ्याची छोटी पिशवी विणायला घेतली. बोलावणं काही आलं नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी तिने आठ जणींना हातात कार्डं दिली आणि माझ्याकडे बघून गोड हसली. घरी निळ्या पिशवीला गोंडे लागले होते. मला तोंड उघडता आलं नाही.

शनिवारी अण्णांनी मला नव्या पंजाबी ड्रेसात स्कूटरवरून ब्रिगेड रोडच्या कोपऱ्यावर सोडलं. मी म्हटलं, दारापर्यंत येऊ नका, येताना बसने येईन. मग दोन तास मी त्या रस्त्यावरून खाली-वर फिरले. एकदा, फक्त एकदा, त्या काचेजवळ थांबले. आत त्या आठ जणींच्या मध्ये वेटरने एक लांबट पांढरी बशी ठेवली. बटाट्याच्या तुकड्यांचा ढीग, त्यावरून ओघळणारं पिवळं, वर लाल-हिरवं काहीतरी पसरलेलं. एकीने तुकडा उचलला तर चीजची तार हातभर लांब झाली आणि सगळ्या खिदळल्या. कुणीतरी बाहेर आलं तेव्हा दारातून वास आला. तो वास मला अजून आठवतो, आणि ते शरमेचं भाजणंही. परतीच्या बसमध्ये मी निळी पिशवी सीटवर ठेवून उतरले.

घरी अत्ते दारातच होती. "काय काय होतं खायला?" ती माझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी विचारत होती, तिच्या त्या बारीक डोळ्यांनी. खोटं बोल पण रेटून बोल. मी बशीचं वर्णन केलं. बघितलेलं होतं तेवढं खरं सांगितलं. पण तिने विचारलं, "चव?" आणि इथे मी अडकले. दुपारभर फिरून पोटात कावळे ओरडत होते. मला त्या वेळी जे जे खावंसं वाटत होतं ते ते मी सांगत गेले. "थोडं आंबट. मागून तिखट लागतं, पण लगेच नाही. आणि अगदी शेवटी किंचित गोड."

"चीज आंबट?" ती म्हणाली. "बरं. बघू या."

त्या शनिवारपासून 'ते' सुरू झालं.

पहिली अडचण चीजचीच. ते दूध कशाने विरजतात याबद्दल तिने काहीतरी भयंकर ऐकलं होतं, वासराच्या पोटातलं वगैरे, त्यामुळे चीज घरात येणं शक्य नव्हतं. म्हणून पहिलं चीज सॉस तिने चक्क्याचं केलं. दही टांगून, त्यात साय आणि लोणी फेटून, रंगाला हळद. दिसायला छान पिवळं. तार मात्र येईना. बटाटेही मऊ पडले, बशीत मान टाकून बसले. मी एक तुकडा खाल्ला आणि मोठ्या रुबाबात मान हलवली. "नाही. हे नव्हे."

तिला राग येईल असं वाटलं होतं. उलट तिने पदर खोचला. तिच्या आयुष्यात तिला 'हे नव्हे' म्हणणारं बहुधा कुणी भेटलंच नव्हतं.

मग शेजारचे एक गृहस्थ दूध डेअरीत नोकरीला होते, त्यांना तिने कंपाउंडवरून हाक मारून गाठलं. त्यांनी सांगितलं की आपल्याकडे डब्यात मिळतं त्या चीजमध्ये तसलं काही नसतं. तिने त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं, आणि अण्णांनी मार्गोसा रोडवरून डबा आणला. तरीही तो स्वयंपाकघरात गेला नाही. मागच्या अंगणात, कपडे धुवायच्या दगडाशेजारी, पंपाचा स्टोव्ह मांडला गेला. चीजचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, किसणी वेगळी. ती स्वतः ते खाणार नव्हतीच. "तुम्ही खा. मला आता या वयात कशाला नवी जीभ?" म्हणायची.

विचार करा: जी बाई कधी चाखत नाही ती, जो पदार्थ ती कधी खाणार नाही तो, करत होती, तोही जिने कधी खाल्लाच नव्हता त्या मुलीच्या सांगण्यावरून. मी हे आज हसत लिहिते आहे. तेव्हा मात्र प्रत्येक घासाला वाटायचं, आता पकडले जाणार.

शनिवारी माझी शाळा अर्धी असायची, आई तीनपर्यंत यायची नाही. ते दोन-तीन तास आमचे. ती बटाटे सोलायची, मी कापायची. बोटाएवढे जाड, सगळे सारखे, वेडावाकडा निघाला तर तो तिच्या भाजीच्या टोपलीत. बाजारात हासनचे नवे बटाटे आले होते ते तळले की लगेच काळसर व्हायचे. तिने भाजीवालीशी हुज्जत घालून जुने, पिठूळ बटाटे मिळवले. कापून मिठाच्या पाण्यात ठेवायचे, मग जुन्या धोतराच्या फडक्यावर पसरून कोरडे करायचे. मान टाकणाऱ्या तुकड्यांचं कोडं तिने तिसऱ्या शनिवारी सोडवलं. "चिरोटे कसे करते मी? आधी मंद, मग कडक." एकदा मंद तेलात शिजेपर्यंत, बाहेर काढून गार करायचे, आणि मग कडकडीत तेलात दोन मिनिटं. त्या दिवशी बशीतले तुकडे ताठ उभे राहिले आणि आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत बसलो.

"आता?"

"बटाटे तसेच आहेत," मी म्हटलं. तिचा चेहरा उजळला. "पण सॉस नाही."

सॉसने तर दोन महिने घेतले. लोण्यावर मैदा भाजायचा, पण रंग येऊ द्यायचा नाही, मग दूध धारेने. चीज उकळीत टाकलं तर त्याचे गोळे व्हायचे आणि वर तेल सुटायचं. एकदा तिने आंबटपणासाठी ताक घातलं आणि सगळं फाटलं. ती शांतपणे म्हणाली, "कढीलाही असंच होतं. चूक माझीच, चुलीवर असताना घातलं." पुढल्या वेळी पातेलं खाली उतरवून, वाफ बसल्यावर, आधी चीज मग चमचाभर घोटलेलं दही. फाटलं नाही. तार आली. तार बघून मी टाळ्या वाजवल्या, आणि मग आठवलं की आपण परीक्षक आहोत.

वरच्या लाल-हिरव्यासाठी तिने मला फार पिडलं. लाल कसलं? कुरकुरीत का? मी म्हटलं कुरकुरीत. मग तिने ताकात मुरवून वाळवलेल्या मिरच्या तळल्या आणि चुरून वर टाकल्या. मागून येणारं तिखट ते हेच, असं तिचं म्हणणं. हिरवी कोथिंबीर आणि कांद्याची पात. शेवटच्या गोडासाठी सॉसमध्ये गुळाचा खडा, हरभऱ्याएवढा. मी जे जे खोटं सांगितलं होतं ते ते ती एकेक करून खरं करत होती.

आणि मग फोडणीची गोष्ट झाली. तिने सॉस खाली उतरवलं, चीज घातलं, दही घातलं, आणि अंगणातल्या झाडाचा कढीपत्ता ओरबाडून, तिच्याबरोबर घरोघरी फिरणाऱ्या लोखंडी पळीत तेल तापवून, मोहरी, हिंग, ब्याडगी मिरचीची चर्र फोडणी सरळ चीजवर ओतली. तिच्या लक्षातही आलं नाही. पिवळं पातळ काहीतरी पातेल्यात आहे म्हटल्यावर चाळीस वर्षांच्या हाताने जे करायचं तेच केलं. मोहरी थांबल्यावर तिने पातेल्यात पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अय्यो! कढी समजले मी."

"असू दे," मी म्हटलं, आणि खाल्लं.

तोंडात जे झालं ते मला लिहिता येत नाही. मी एवढंच सांगते की मी बशी संपवली, बोटं चाटली, आणि पातेल्यात राहिलेलं भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतलं. अत्ते कपडे धुवायच्या दगडावर बसून माझ्याकडे बघत होती.

"हेच ते?" तिने विचारलं.

'हो' ओठांवर आलं होतं. पण मला दोन गोष्टी एकदम कळल्या. ब्रिगेड रोडवरच्या हॉटेलात कुणी चीजला मोहरीची फोडणी घालत नसणार, त्यामुळे 'हो' म्हणजे चोरी पकडली जाणार. आणि दुसरी: 'हो' म्हटलं की शनिवार संपले. तिचं काम झालं की ट्रंक बांधली जायची, हे मी जन्मापासून पाहत होते.

"नाही," मी म्हटलं. "पण फोडणी पुढच्या वेळीही घाल."

"ते नव्हे तर घालायचं कशाला?"

"तू घाल गं."

तिने डोळे बारीक केले, पण पुढच्या शनिवारी फोडणी घातली. त्यानंतर प्रत्येक शनिवारी घातली. आणि दर शनिवारी मी चाटूनपुसून खाऊन म्हणायची, "अजून काहीतरी थोडं कमी आहे." काय, ते मात्र सांगता येत नाही.

मग म्हैसूरच्या काकूचा पाय मोडला. अण्णांनी जेवताना सांगितलं, "अक्का, त्यांनी बोलावलंय." अत्ते म्हणाली, "सरी," म्हणजे बरं. एवढंच. ताटातला भात तिने नेहमीसारखा संपवला. मला वाटलं होतं अण्णा काही म्हणतील, आई काही म्हणेल. आईने फक्त तिला तूप वाढलं, न विचारता, दुसऱ्यांदा. आईकडून तेवढं पुष्कळ होतं.

जायच्या आदल्या दिवशी शनिवार नव्हता, तरी तिने 'ते' केलं. मागच्या अंगणात, ट्रंक आत बांधून ठेवलेली, आणि ही स्टोव्हला पंप मारत बसलेली. त्या दिवशीसारखं ते पुन्हा कधी झालं नाही. बशी माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "आज खरं सांग हं, पुट्टी. आता मी पुन्हा कधी करणार. हेच ते काय?"

ती विनवत होती. तिने आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि ती माझ्याकडे एक शब्द मागत होती. मी दिला नाही. पंधरा वर्षांच्या डोक्यात असा हिशेब होता की काम अर्धवट राहिलं तर ती परत येईल.

"जवळ जवळ," मी म्हटलं. "स्वल्प काहीतरी कमी आहे."

ती हसली, बशी उचलली, धुतली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेली.

काकूचा पाय बरा झाला तर काकांच्या मुलाची बारावी आली, मग मुलीचं लग्न, मग तिचं बाळंतपण. अत्तेची अंतर्देशीय पत्रं यायची. सगळ्यांची खुशाली अण्णांसाठी, आणि खाली घडीवर, जिथे डिंक लावतात तिथपर्यंत रेटून, माझ्यासाठी एक ओळ. "ओवा घालून पाहावा काय?" "मैद्याऐवजी तांदळाची पिठी?" "जायफळाचा वास होता काय, नीट आठव." मी उत्तर द्यायची, "असेल, तू येऊन बघ." अशी सहा-सात वर्षं गेली. ती एकदा नात्यातल्या लग्नाला बेंगळुरात येऊन गेली, पण माणसांच्या गर्दीत आम्हाला मागचं अंगण मिळालंच नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या पगाराच्या दिवशी एकटीच त्या हॉटेलात गेले. खुर्च्यांचा रंग बदलला होता, बशी तीच होती. मी काचेच्या आतल्या बाजूला बसले आणि ते मागवलं. आलं. गरम, खारट, पिवळं. दोन घासांत कळलं की यात काही नाही. आंबट नाही, मागून येणारं तिखट नाही, शेवटचं गोड तर नाहीच. वरचं लाल म्हणजे नुसती ढोबळी मिरची. पाच मिनिटांत चीजवर साय धरली. माझी चव जगात एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण म्हैसूरला कुणाच्या तरी बाळाला न्हाऊ घालत होतं.

बाहेर येऊन मी एसटीडी बूथ गाठला. मनात एकच होतं: तिचा तो शब्द तिला देऊन टाकायचा. इतकी वर्षं अडवून ठेवला होता.

"अत्ते, मी त्या हॉटेलात गेले होते आज. 'ते' खाल्लं."

"मग?" तिला कमी ऐकू यायला लागलं होतं, ती ओरडून बोलत होती.

"तू करायचीस तेच. हेच ते, अत्ते. अगदी तेच."

"फोडणीसकट?"

मी बूथच्या काचेतून रस्त्याकडे पाहिलं. "फोडणीसकट," म्हटलं.

मग ती म्हणाली, आणि या वेळी ओरडून नाही, "झालं तर मग. मला आपलं वाटायचं, बेंगळुरात माझं एक काम राहिलंय." पुढे म्हणाली, "बरं झालं. ऊन लावून घेऊ नकोस," आणि फोन ठेवला.

मी बूथमध्ये रिसीव्हर धरून उभी राहिले. बाहेरच्या माणसाने दार ठोठावलं तेव्हा भानावर आले. सात वर्षं मला वाटत होतं की माझ्या 'नाही'ने मी तिला छळतेय. तो 'नाही' तिने जपून ठेवला होता. तीन घरांत तिची वाट पाहायला कुणाचं तरी काही मोडावं लागायचं. आमच्या घरात फक्त तेवढा एक पदार्थ अपुरा होता, आणि तो मी आत्ता, मोठ्या प्रेमाने, पुरा करून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी मी पत्र टाकलं. "अत्ते, काल घाईत बोलले. आज पुन्हा जाऊन खाल्लं. नाही. काहीतरी कमी आहे. मला सांगता येत नाही. तू ये."

दहाव्या दिवशी ती आली. कुणी आजारी नाही, कुणाचं बाळंतपण नाही, तरी अत्ते रिक्षातून उतरते आहे हे बघून अण्णा गोंधळून गेले. "काय झालं, अक्का?" त्यांनी विचारलं. "काम आहे," ती म्हणाली. तिच्या हातात आता जोर राहिला नव्हता, म्हणून सोलणं-कापणं मी केलं. स्टोव्ह तोच. आधी मंद, मग कडक. लोणी, मैदा, दूध, पातेलं खाली, चीज, दही, गूळ. मिरच्या ती म्हैसूरहून घेऊन आली होती. सगळं बशीत रचून तिने माझ्यापुढे सरकवलं. फोडणी घातली नव्हती.

"रेल्वेत विचार केला," ती म्हणाली. "हॉटेलात फोडणी कोण घालतंय? फोनवर तू मला बरं वाटावं म्हणून बोललीस. फोडणी काढून टाकली बघ. आता खा आणि सांग."

मी खाल्लं. प्रामाणिकपणे सांगायचं तर ते आता हॉटेलातल्याच्या पुष्कळ जवळ गेलं होतं. खरं बोलायची माझी ती एकमेव संधी होती.

"नाही, अत्ते," मी म्हटलं. "फोडणी कमी आहे."

तिने माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग दगडाला हात टेकून उठली, झाडाचा कढीपत्ता तोडला आणि लोखंडी पळी स्टोव्हवर ठेवली. तेल तापलं तसा मी मोहरीचा डबा तिच्यापुढे केला. मोहरी तडतडली, तिने पळी ओतली, आणि सवयीने विचारलं, "आता?"

मी डोळे मिटून खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीचं होतं असं मी तिला सांगितलं.

"अजून स्वल्प काहीतरी," मी म्हटलं.

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा तसा झाला, 'हेच ते' ऐकल्यावर व्हायचा तसा. चार दिवसांनी जाताना तिने लोखंडी पळी ट्रंकेतून पुन्हा बाहेर काढली आणि खिळ्याला अडकवली. "राहू दे इथेच. पुढच्या महिन्यात यायचंच आहे."

ती पळी आता माझ्या घरी आहे. मी 'ते' करते, फोडणीसकट, आणि माझी मुलं पहिल्याच घासाला म्हणतात, "मस्त झालंय, आई." मी त्यांना म्हणते, नीट खाऊन सांगा, काही कमी नाही ना? ती म्हणतात, नाही गं, काहीच कमी नाही.